टाकीतला दादा

हिंगोलीत समुद्र नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे शुद्ध पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ मिसळणं आलं. ते जमतं, माशांची भांडणं सोडवणं अवघड. बोटभर निळा डॅमसेल मासा एका कपारीवर हक्क सांगतो आणि नव्या माशाच्या शेपटीचे लचके तोडतो. म्हणून त्याला टाकीत सगळ्यात शेवटी सोडावं. आधीच असेल तर दगडांची मांडणी बदलावी. हद्दी विस्कटल्या की सगळेच नवखे. नव्याला काही दिवस छिद्रांच्या पारदर्शक डब्यात टाकीतच ठेवून, मग दिवा मालवून सोडावं. तरी पाठलाग चालूच राहिला, तर दादालाच डब्यात टाका. भरपूर खाऊ घालून हद्दीचा तंटा मिटत नाही, पाणी मात्र नासतं.