घरांतील रोपांसाठीं दिवा

पुण्यांत वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या आणि अंगणांतली तुळस खोलीच्या कोपऱ्यांत आली. तेथें ती उंच, किडकिडीत वाढूं लागली कीं समजावें, तिला प्रकाश अपुरा पडत आहे. मग दिवा कोणता घ्यावा? वेष्टनावरील ल्यूमेनचा आंकडा आपल्या डोळ्यांना किती उजेड वाटेल एवढेंच सांगतो. पानांतील हरितद्रव्य मात्र मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषितें. म्हणून हे दोन्ही रंग पुरेसे असलेला पांढरा एलईडी दिवा निवडावा. लहान दिव्याचें अंतर दुप्पट केल्यास प्रकाश सुमारें चौथाईच उरतो; तेव्हां तो रोपाजवळ टांगावा. पुण्याचा दिवस हिवाळ्यांत सुमारें ११, उन्हाळ्यांत १३ तासांचा असतो; दिवाही तितकाच वेळ लावून रात्रीं रोपाला अंधार द्यावा. डोळे दिपविणारा दिवा पानाचें पोट भरीलच असें नाहीं.