रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय काय?

दुपारचे चार, समोर लॅपटॉप, डोक्यावर डेडलाइन. आणि ओटीपोटात तीच ओळखीची कळ! पाळी नसतानाही. सात महिने हेच चालू होतं. सोनोग्राफी झाली, लघवीची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेतेस तू,’ असं घरीदारी ऐकून मलाही वाटायला लागलं, आपलंच काहीतरी चुकतंय. बाहेरगावची कामंही मी नाकारायला लागले.

मग एका गायनॅकॉलॉजिस्टनं वेगळंच विचारलं, ‘बसून वाढतं का?’ हो! त्यांनी मला झोपवलं, दुखऱ्या जागी बोट दाबून धरलं आणि डोकं उचलायला सांगितलं. दुखणं वाढलं. म्हणजे दुखण्याचा उगम पोटाच्या स्नायूंतही असू शकतो. या साध्या चाचणीचं नाव कार्नेट टेस्ट.

तिथून रवानगी फिजिओथेरपिस्टकडे. तिनं समजावलं, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू म्हणजे पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय, आतडी यांना त्यांचाच आधार. कंबर आणि खुब्याच्या स्नायूंशी त्यांचं घट्ट नातं. ते सतत आवळलेले राहिले की स्वतःच दुखतात. लघवीची घाई, बद्धकोष्ठ, शरीरसंबंधांच्या वेळी वेदना हेही त्यातूनच होऊ शकतं.

आणि मी काय करत होते? कुठंतरी वाचून कीगल व्यायाम! डॉ. आर्नल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये ते मांडले, ते कमजोर स्नायूंसाठी. माझे आधीच आवळलेले. मला शिकायचं होतं ते सैल सोडणं. पोटातून सावकाश श्वास, खुब्याचे स्ट्रेचेस, अर्ध्या तासानं खुर्चीतून उठणं. तीन महिन्यांत चारची कळ रोजची राहिली नाही. पूर्ण गेली म्हणणार नाही, पण कामं नाकारणं थांबलं.

एक मात्र लक्षात ठेवा. एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत दिसेलच असं नाही, आणि तो स्नायूंच्या दुखण्यासोबतही असू शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग व्यायाम. अचानक असह्य कळ, ताप, अवेळी रक्तस्राव किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर थांबूच नका.

आणि रिपोर्ट नॉर्मल आले, तर विचारा, ‘स्नायू तपासले का?’ लाजू नका. दुखतंय ना? मग ते खरंच आहे.