सोन्याचा कस दगडावर, सर्व्हरचा कस कोण काढणार? एथिकल हॅकिंग शिकण्याआधी हे वाचा

ग्वाल्हेर : महाराज बाड्याजवळच्या सराफा बाजारात गिऱ्हाईक जुना दागिना घेऊन आलं, तर सराफ त्याच्या शब्दावर भाव सांगत नाही. आधी कस बघतो, मग बोलतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची गलाई मंडळी देशभरच्या सराफ पेठांत हेच काम करतात : सोनं गाळायचं, शुद्ध किती ते काढायचं. पण आता पेठेचा हिशेब संगणकात गेलाय, पैसे क्यूआर कोडवर येतात. त्या संगणकाचा कस काढणाऱ्याला म्हणतात पेनिट्रेशन टेस्टर, बोलीभाषेत एथिकल हॅकर.

हा कस वेळेवर काढला नाही तर काय होतं, ते पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिलं. चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत मालवेअर घुसवलं आणि मध्येच आपला बनावट स्विच बसवला. कार्ड कुठेही घाला, खात्यात शिल्लक असो-नसो, ‘मंजूर’ असंच उत्तर. बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत विचारणा पोचलीच नाही. ११ ऑगस्टला २८ देशांतून पैसे निघाले, कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाले. १३ तारखेला स्विफ्टमार्फत आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटींचा. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी धरलं. त्यांत बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी पोरं होती. थोड्या पैशांच्या लोभाने गेली आणि अडकली.

टेस्टर चोराच्याच वाटेने आत शिरतो, फरक फक्त परवानगीचा. आणि ती लेखी हवी. कुठले सर्व्हर तपासायचे, कुठल्यांना हात लावायचा नाही, किती दिवस, मध्येच काही बंद पडलं तर फोन कुणाला, हे सगळं आधी कागदावर. ऑडिटरला नेमणूकपत्र लागतं, तसंच हे. कागद नसेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६ लागू होतं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘शेजाऱ्याचं वायफाय सहज बघत होतो’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

शिकायचं कसं? इथेच पालकांचे पैसे जातात. ‘तीन महिन्यांत हॅकर’ छाप जाहिरातींना भुलू नये. आधी नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं, थोडं पायथॉन, मग वेबसाइटच्या चुका. त्यासाठी ओडब्ल्यूएएसपीचं ‘ज्यूस शॉप’ नावाचं मुद्दाम कच्चं ठेवलेलं दुकान फुकट मिळतं. ते आपल्याच लॅपटॉपवर चालवायचं आणि फोडायचं. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमीही फुकट आहे. एनमॅप, बर्प सूट ही हत्यारं हाताशी येतात, पण हत्यार चालवता येणं म्हणजे कारागिरी नव्हे. पुढच्या पायरीवर विंडोजची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी येते : एका कारकुनाचा पासवर्ड हाती लागला, की तिथून मालकाच्या अधिकारापर्यंत कसं चढता येतं, ते. बरेच जण इथेच दमतात.

प्रमाणपत्रांतही फरक आहे. सीईएचची लेखी परीक्षा चार तासांची, १२५ पर्यायी प्रश्नांची. ओएससीपीत मात्र २३ तास ४५ मिनिटं खरोखरची यंत्रं फोडावी लागतात आणि पुढच्या २४ तासांत अहवाल द्यावा लागतो. फी मोठी आहे, त्यामुळे तयारीशिवाय बसू नये.

आणि तो अहवाल फक्त कागदी सोपस्कार नव्हे. मालकाला मशीन कशी फोडली याचं कौतुक नसतं. भोक कुठे, नुकसान किती होऊ शकतं आणि आधी काय बुजवायचं, एवढंच हवं असतं. वाणिज्य शाखेच्या पोरांना इथे जागा आहे, कारण पैसा कुठल्या नोंदीतून कुठे सरकतो हे त्यांना कळतं. भोकं बुजवल्यावर टेस्टर पुन्हा येतो आणि तेच दार पुन्हा ढकलून बघतो.