भिंतीबाहेर आलेल्या सिस्टर

तारापूरच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचा झेंडा जवळजवळ पावणेदोनशे वर्षं फडकत होता. १७३९च्या जानेवारीत मराठ्यांनी किल्ला घेतला. त्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भीवराव रेटरेकर पडले. किल्ल्याच्या आत चर्च होतं, डोमिनिकन साधूंचा मठ होता, दानधर्म पाहणारी मिझेरिकॉर्दिया होती, इस्पितळ होतं. कॅथलिक वस्तीला लागणारं बहुतेक सगळं होतं. आज बोईसर-पालघर पट्ट्यात मिशन म्हटल्यावर जी गोष्ट सगळ्यात आधी आठवते ती मात्र नव्हती. सिस्टरांची शाळा.

आपल्याला वाटतं, चर्च आलं की मागोमाग सिस्टर येतात आणि सिस्टर आल्या की शाळा निघते. बोईसरला एमआयडीसीत पाळी करून मुलीच्या प्रवेशासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बापालाही तसंच वाटत असणार. हे सगळं येशूच्या काळापासून चालत आलं असावं, इतकं ते जुनं दिसतं. खरी गोष्ट उलटी आहे. तारापूरला पोर्तुगीज होते त्या सबंध काळात व्रतस्थ बाईने मठाबाहेर पाऊल टाकून गावात शिकवायला जाणं हे चर्चच्याच कायद्यात बसत नव्हतं. सिस्टरांची शाळा ही चर्चच्या हिशेबाने अलीकडची वस्तू आहे, आणि ती उभी राहावी म्हणून बायकांना आधी चर्चशीच दोनशे-अडीचशे वर्षं झुंजावं लागलं.

ट्रेंट या गावी भरलेल्या धर्मसभेने १५६३ साली ठरवलं की व्रत घेतलेल्या स्त्रीने मठाच्या भिंतीआड राहायचं. तीन वर्षांनी पोप पाचव्या पायस यांनी त्यावर कडक शिक्कामोर्तब केलं. एकदा आत गेलेली बाई बाहेर येणार नाही. भेटायला आलेल्या आईबापाशीही ती जाळीआडूनच बोलेल. त्या काळच्या युरोपात एक म्हणच होती, बाईला नवरा हवा नाहीतर भिंत. तिसरी वाट कुणाच्या डोक्यात नव्हती.

हे प्रत्यक्षात कसं दिसायचं ते पाहायला लांब जायला नको. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा तीनमजली मठ आजही उभा आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ साली तो सुरू केला. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या राज्यातला बायकांचा तो पहिला मठ. १६३६ला जळाला, पुन्हा बांधला. आत शंभरेक बायका राहतील अशी सोय होती आणि त्या बहुतेक खानदानी घरांतल्या होत्या. गोव्याच्या नगरसभेने तर राजाकडे तक्रार केली की श्रीमंत घरच्या मुली मठात जातात, त्यांच्याबरोबर त्यांचे हुंडेही जातात, मग इथल्या पुरुषांनी लग्नं कुणाशी करायची? पोर्तुगालहून राजाच्या खर्चाने अनाथ मुली इकडे पाठवल्या जात, आणि आपल्या वसई-तारापूरच्या उत्तर प्रांतातली गावंच्या गावं विधवांना आणि अनाथ मुलींना हुंड्यादाखल लावून दिली जात. म्हणजे बाई, तिचं लग्न आणि तिची जमीन यांची काळजी राज्याला भरपूर होती. तिला वाचता येतं का, हा प्रश्न कुणाला पडलेला दिसत नाही.

सांता मोनिकातल्या शेवटच्या धर्मभगिनीचं निधन १८८५ला झालं. भिंतीबाहेरच्या तारापूरला तिचा काही उपयोग झाला नाही, आणि तो तिचा दोष नव्हता.

पण भिंत फोडायचा पहिला मोठा प्रयत्न सांता मोनिका बांधला जात असतानाच युरोपात सुरू झाला होता, आणि तो एखाद्या रहस्यकथेला शोभेल असा आहे. मेरी वॉर्ड ही यॉर्कशरची मुलगी, जन्म १५८५. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक असणं हाच गुन्हा होता, म्हणून ती समुद्र ओलांडून सेंट ओमेरला गेली आणि १६०९ साली तिथे मैत्रिणींसह मुलींची शाळा काढली. तिचं म्हणणं सरळ होतं. जेझुइट फादर जसे जगभर फिरून शाळा चालवतात तसंच आम्ही करू. भिंत नको, जाळी नको, बिशपांच्या हाताखाली नको. आमची प्रमुख आमच्यातलीच बाई असेल. लिएज, कोलोन, म्युनिक, व्हिएन्ना, रोम, नेपल्स अशी तिची घरं आणि शाळा निघत गेल्या. परवानगी मागायला ती रोमला गेली ती बराचसा रस्ता पायी तुडवत, आल्प्स ओलांडून. विरोधकांनी या बायकांना उधळलेल्या पोरी म्हणून हिणवलं. १६३१ साली पोप आठव्या अर्बन यांनी संस्थाच बंद केली आणि मेरीला म्युनिकच्या एका मठात पाखंडी म्हणून कोंडलं. तिथून ती बाहेरच्या मैत्रिणींना पत्रं पाठवत असे, लिंबाच्या रसाने लिहिलेली. सामान गुंडाळलेल्या कागदावर काही दिसायचं नाही. कागद आचेवर धरला की अक्षरं उमटायची. यातली बरीच पत्रं आजही जपलेली आहेत.

मेरी हरली. तिच्याच काळात फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी मात्र चतुराई केली. १६३३ साली त्यांनी गरिबांची सेवा करणाऱ्या मुलींचा संघ काढला आणि बजावून सांगितलं की या मठवासिनी नव्हेतच. राहतात ते साधं घर. व्रत घेतात ते वर्षापुरतं, दरवर्षी नव्याने. कायदा मठवासिनीला लागू, आणि या तर मठवासिनी नाहीत! आपल्याकडचा एखादा मुरलेला वकीलही या युक्तीला दाद देईल. पुढच्या जवळजवळ सगळ्या शिकवणाऱ्या सिस्टर याच फटीतून बाहेर आल्या.

मग आली फ्रेंच राज्यक्रांती. तिने मठ मोडले, जमिनी विकल्या, व्रतं रद्द केली. ल्योंच्या क्लोदीन तेवेनेचे दोन भाऊ १७९४ साली तिच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालायला नेले गेले. धर्मावरचा सगळ्यात मोठा घाव वाटावा असा हा काळ. पण जुन्या भिंतीही त्यातच पडल्या. वादळ शमल्यावर बायकांनी जे उभं केलं ते नव्या धर्तीचं होतं. एकट्या फ्रान्समध्ये १८०० ते १८८० या काळात सिस्टरांचे सुमारे ४०० नवे संघ निघाले. क्लोदीनने १८१८ला काढलेला जीझस अँड मेरी हा त्यातलाच. त्याच्या सिस्टर १८४२ साली आग्र्याला पोचल्या आणि पुढे मुंबई-पुण्याला आल्या.

आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने मात्र लिएजची गोष्ट जास्त जवळची. हो, तेच लिएज, जिथे मेरी वॉर्डचं एक घर निघून बंद पडलं होतं. जान हेझ तिथल्या प्रिन्स-बिशपांच्या सचिवाची मुलगी. क्रांतीच्या धामधुमीत घर सुटलं, वडील परागंदा अवस्थेतच गेले. पुढे लिएज डच राजाच्या ताब्यात गेलं आणि त्याने चर्चच्या शाळांना चाप लावला. जान आणि तिची बहीण फर्दिनांद घरीच मुली शिकवत राहिल्या. १८३०ला बेल्जियम स्वतंत्र झाला, १८३१च्या राज्यघटनेने शाळा काढायला मोकळीक दिली, आणि १८३३ला डॉटर्स ऑफ द क्रॉस हा संघ उभा राहिला. जानची मदर मारी तेरेझ झाली. शाळा, अनाथालय, तुरुंगातल्या बायका, आजारी माणसं, जे समोर येईल ते या सिस्टर करत.

१८६२ साली त्यांनी कराचीला कॉन्व्हेंट काढलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि सुएझ कालवा खुला व्हायला अजून सात वर्षं होती. थोड्याच काळात त्या वांद्र्याला आल्या. १८९५ला पाचगणीला त्यांचं सेंट जोसेफ सुरू झालं. मदर मारी तेरेझ नव्वदी ओलांडून १८७६ साली वारल्या, तोवर त्यांच्या सिस्टर अरबी समुद्राकाठी चांगल्या रुजल्या होत्या. १९९१ला पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी मदरना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरच्या, घोषित केलं.

कॅथलिक इतक्या उशिरा का जागे झाले, असं इथे कुणी विचारेल. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा मुंबईत १८२०च्या दशकातच होत्या. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ला मुंबईत उतरल्या आणि पुढे अहमदनगरला गेल्या. त्यांची शाळा जोतिरावांनी पाहिली होती, आणि सावित्रीबाईंची शाळा तर १८४८ची. उत्तर अगदी घरगुती आहे. प्रॉटेस्टंट पाद्र्याला बायको असायची, ती शाळा काढायची; फरारबाईंसारखी अविवाहित बाई आली तरी तिला भिंत आड येत नसे. कॅथलिक फादरला बायको नाही. मुली शिकवायच्या तर बाई हवी, आणि त्यांच्याकडची व्रतस्थ बाई भिंतीआड. ती सुटली तेव्हाच शाळा निघाली.

शाळा निघणं एक आणि दीडशे वर्षं टिकणं दुसरं. मला खरं नवल वाटतं ते टिकण्याचं. एखाद्या तळमळीच्या माणसाने काढलेली शाळा त्याच्या मागे विस्कटते, हे आपण गावोगाव पाहतो. सिस्टरांच्या शाळेत मुख्याध्यापिका ठरावीक वर्षांनी बदलते. आज बोईसरला असलेली सिस्टर उद्या पाचगणीला, परवा झारखंडात. गेली तिच्या जागी दुसरी येते, त्याच शिस्तीची, तेच वेळापत्रक पाळणारी. गाव हळहळतं, शाळेचं काही अडत नाही. शाळा तिच्या नावावर नसते, तिच्या भाच्याला मिळत नाही, आणि तिचा पगार तिचा नसतो. तो संघाच्या सामाईक पेटीत जातो. त्यातून सगळ्यांचं जेवण, म्हाताऱ्या सिस्टरांची औषधं, नवी शाळा. फी देणाऱ्या मुलींच्या बोर्डिंगवर गरिबांची शाळा आणि अनाथालय चालवायचं, हे गणितही जुनंच.

या पेटीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादरांच्या पगारातून आयकर कापावा का? संघांचं म्हणणं असं की व्रत घेतलेली व्यक्ती दिवाणी अर्थाने मेलेलीच असते, पगार तिचा नाहीच, मग कर कसला? नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, पगार व्यक्तीच्या नावाने निघतो, तो पुढे कुणाला द्यायचा हा तिचा प्रश्न; कर कापला जाईल. मला निकाल पटतो. पण दारिद्र्याचं व्रत हा आयकराचा मुद्दा ठरू शकतो, हेच मोठं अजब आहे.

आणि ही कल्पना सर्वस्वी परकी आहे असंही नाही. अण्णासाहेब कर्व्यांना हिंगण्याच्या आश्रमासाठी तहहयात माणसं लागली तेव्हा त्यांनी १९०८ साली निष्काम कर्म मठ काढला; आपलं सगळं संस्थेला वाहण्याची शपथ घेणाऱ्यांचा. बोईसरच्या शेजारच्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे केलं ते त्याच जातकुळीचं. अनुताई बालविधवा होत्या. संसारातून सुटलेली किंवा समाजाने बाहेर ठेवलेली बाई सगळं आयुष्य एका शाळेला देऊ शकते, हे हिंगण्यात, कोसबाडला आणि लिएजमध्ये, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या वाटेने कळलं.

बोईसरला हे सगळं उशिरा पोचलं. वारली पाडे, बागायती, मासळी, पश्चिम रेल्वेचं एक स्टेशन, असा हा भाग. १९६९ला तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, मग औद्योगिक वसाहत आली, देशभरातून माणसं आली आणि त्यांच्या मुलांना शाळा हव्या झाल्या. १९९८ला मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत झाला, त्यात हा सगळा पट्टा येतो. आता सिस्टर बेल्जियमहून येत नाहीत. केरळच्या असतात, मंगळूरच्या, छोटा नागपूरच्या. वसईच्या वाड्यांतल्याही असतात, अस्सल आपल्या बोलीतल्या. युरोपातली मूळ घरं रिकामी होत चालली आहेत आणि इथली सिस्टर तिकडे जाते, हा उलटा प्रवास तर मदर मारी तेरेझ यांच्या स्वप्नातही आला नसेल.

गोव्याचा सांता मोनिकाही आता बंद नाही. तिथे १९६४ पासून मातेर देई संस्था आहे. ज्या इमारतीतून बाईला बाहेर पडता येत नसे, तिथे सिस्टर धर्मशास्त्र शिकतात आणि शिकून कामावर निघून जातात.

या इतिहासाची साधनं आपल्या अगदी जवळ आहेत. सिस्टरांच्या घरात दैनंदिन घडामोडींची वही ठेवण्याची जुनी पद्धत आहे: कोण आलं, किती मुली, कुठल्या पाड्यावर साथ आली, छप्पर कधी उडालं. पालघर, डहाणू, तलासरी, बोईसरच्या शाळांत ज्या शिकल्या त्यांनी आपल्या शाळेत जाऊन या वह्यांची आणि जुन्या हजेरीपटांची चौकशी करावी, निवृत्त सिस्टर आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घ्यावं आणि ते मराठीत लिहावं. बंद केलेली संस्था पुढे पुन्हा उभी राहिली, तरी मेरी वॉर्डला तिची संस्थापिका म्हणायची परवानगी रोमने १९०९ साली दिली, तिच्या मृत्यूनंतर २६४ वर्षांनी. आपण इतकं थांबायचं कारण नाही.