पन्नाशी उलटलेलीं वाहनें

धाराशिव जिल्ह्यांतील कळंब हें मांजरेच्या कांठचें तालुक्याचें गांव. ‘कळंब रोड’ नांवाचें रेल्वेस्थानक आहे खरें. पण तें गांवापासून बरेंच दूर. बार्शी, लातूर, केज, कोठेंहि जावयाचें तर रस्त्यानेंच. अशा मुलखांत मोटार ही मिरवण्याची वस्तु फारशी झालीच नाहीं. जीप शेताच्या वाटेनें चालली, फियाट लग्नकार्यांना धांवली, आणि दुचाकीनें शाळामास्तरापासून अडत्यापर्यंत सर्वांची सोय केली. त्यांतील एखादें वाहन आजहि कोणाच्या पडवींत उभें असेल, तर त्याला ठेवा म्हणावें कीं भंगार? हा प्रश्न आतां केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. कायद्यानें त्याचें उत्तर ठरविलें आहे, आणि विम्याचा हप्ताहि त्या उत्तराशीं बांधला गेला आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें टिकते; पुढें तपासणी करून दर पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत भर घालून ‘व्हिंटेज’ वाहनांचा निराळा वर्ग निर्माण केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेलें, खासगी वापराचें दुचाकी किंवा चारचाकी वाहन या वर्गांत बसतें. मात्र तें मूळ स्वरूपांत राखलेलें असावें. चासी, सांटा आणि एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्यानें नोंदलेल्या वाहनाच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. पूर्वींच नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक राखतां येतो. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये. ती दहा वर्षें चालते, आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये पडतात.

या पाटीबरोबर एक बंधनहि येतें, आणि तिचें खरें मर्म तेंच होय. असें वाहन रोजच्या कामासाठीं किंवा धंद्यासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती, इंधन भरणें, एवढ्यापुरतेंच तें बाहेर पडावें. बाजाराच्या दिवशीं पोतीं वाहणारी जीप कितीहि जुनी असली तरी ही पाटी तिच्यासाठीं नव्हे. पुष्कळांना ही पाटी मानाची वाटते. वस्तुतः तो एक करार आहे. मालक रोजचा वापर सोडतो, आणि त्याच्या बदल्यांत वाहनाला वयाची सवलत मिळते.

विम्याचें गणितहि याच विचारावर उभें आहे. जें वाहन क्वचित् चालतें, त्याच्या हातून अपघातहि क्वचित् घडावा. म्हणून १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत, व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीस तिऱ्हाइताच्या, म्हणजे थर्ड पार्टी, विम्याच्या हप्त्यांत निम्मी सूट देण्यांत आली. जुन्या फियाट अकराशेचें एंजिन १,०८९ सीसीचें. १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये. त्याचे निम्मे १,७०८. दहा वर्षांत बचत होते १७,०८० रुपयांची. ज्याला नोंदणीपोटीं २०,००० भरावे लागले, त्याचें तें शुल्कहि या बचतींतून निघत नाहीं! १,५०० सीसीच्या वरच्या मोटारीचें तसें नाहीं. तिचा हप्ता ७,८९७ रुपये असल्यानें शुल्क पांच वर्षांहून थोड्या अधिक काळांत भरून येतें. तात्पर्य, लहान मोटारीच्या मालकानें केवळ स्वस्त विम्याच्या आशेनें या वाटेला जाऊं नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याची. पांच वर्षांहून जुनी, किंवा जिचें उत्पादन बंद झालें आहे अशी, गाडी असेल तर तिची विमा-किंमत कंपनी व मालक यांच्या संमतीनें ठरते. ही किंमत पॉलिसी घेतांनाच छायाचित्रें व जाणकाराचें मूल्यांकन दाखवून लिहून घेणें श्रेयस्कर. अपघातानंतर वाद घालून जुन्या गाडीचें मोल वाढत नाहीं.

आतां नियमाच्या उणिवेविषयीं. पेट्रोल महागलें तेव्हां अनेक जीपांत डिझेल एंजिन बसविण्यांत आलें. त्या दुरुस्तीमुळेंच त्या जगल्या, आणि तीच दुरुस्ती आज त्यांना अपात्र ठरविते. बनावट जुनेपणाला आळा हवा, यांत शंका नाहीं. पण ज्या बदलाची नोंद त्या काळींच कागदोपत्रीं झाली, तो त्या वाहनाच्या इतिहासाचाच भाग मानणें न्याय्य ठरेल. दुसरी अडचण वयाची. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी या शतकाच्या आरंभीं बंद झाली. शेवटच्या पद्मिनीला पन्नाशी गांठावयास या शतकाचा मध्य उजाडेल. तोंवर ती कायद्याच्या दृष्टीनें नुसतीच जुनी गाडी. जर्मनींत तीस वर्षांच्या, नीट राखलेल्या मोटारीला निराळी पाटी मिळते; ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांनीं वाहनकराची माफी लागू होते. पंधरा आणि पन्नास या दोन आंकड्यांमध्यें आपल्याकडे कोणतीच पायरी नाहीं, आणि गाड्या भंगारांत जातात त्या बहुधा याच काळांत. तीस वर्षांची एक मधली पायरी, सवलत थोडी कां होईना, असावयास हवी. ट्रॅक्टर, मालमोटार आणि बस यांना तर या वर्गांत जागाच नाहीं. १ जून १९४८ रोजीं एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला धांवली. तिच्या पिढीची एखादी बस कोणीं जिवापाड जपली, तरी तिला ही पाटी मिळणार नाहीं.

ज्यांच्या घरीं असें वाहन आहे, त्यांनीं प्रथम ट्रंकेंतील कागद काढून पाहावे. पन्नास वर्षें मोजावयाचीं तीं पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. १९७६ सालीं नोंदलेली गाडी २०२६ सालीं ती मर्यादा ओलांडते. अर्जाला चालू विमा-पॉलिसी व जुनें नोंदणीपुस्तक जोडावें लागतें, आणि राज्याची समिति वाहनाची पाहणी करते. रंग व गादी यांवर खर्च करण्याआधीं चासी आणि एंजिन यांवरील क्रमांक पुस्तकांतील क्रमांकांशीं ताडून पाहावे.