सोयाबीन माना का टाकतं?

ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की औसा, अहमदपूर, कंधार, लोह्याकडे भर दुपारी सोयाबीन माना टाकतं. वेळेत सर आली तर तेच पीक पुन्हा ताठ होतं. हा सगळा खेळ पेशीच्या रचनेचा.

पानाच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत पाण्याने भरलेली एक मोठी रिक्तिका असते; बऱ्याचदा पेशीची ८० टक्क्यांहून जास्त जागा ती एकटीच व्यापते. ती फुगून सेल्युलोजच्या पेशीभित्तिकेला आतून रेटा देते. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो! पाणी घटलं की रेटा ओसरतो, पान लोंबतं. भित्तिका मात्र शाबूत राहते.

प्राण्यांच्या पेशीला ही भिंतच नाही, नुसतं पातळ पटल. आपली तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात फुगून फुटते. म्हणून शिरेतून देतात त्या नेहमीच्या सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. पण भिंत नसल्यामुळेच पांढरी पेशी हवा तसा आकार बदलून जंतूला गिळू शकते.

मुलांना हे दाखवाच: लाल कांद्याचा जांभळा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. चौकटी जागच्या जागी राहतात आणि आतला रंग कडा सोडून मध्ये आकसतो.