चोरट्या व्यापाराचा माग पदवीच्या वर्गातून

हस्तिदंत भरलेला कंटेनर बंदरात पकडला जातो, पंचनामा होतो, छायाचित्रे छापून येतात आणि प्रकरण बहुधा तेथेच थांबते. माल कोणत्या जंगलातून आला, कोणी पाठविला आणि याआधी किती वेळा पाठविला, या प्रश्नांची उत्तरे एकट्या सीमाशुल्क अधिकाऱ्याजवळ नसतात. एकट्या प्राणिशास्त्रज्ञाजवळही नसतात. बेकायदा व्यापार फोफावतो तो या दोघांमधल्या मोकळ्या जागेत. ही जागा भरून काढणारे संशोधक पदवीच्या वर्गातच घडवावेत, हा विचार गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील विद्यापीठांत रुजू लागला आहे.

त्यामागे दोन योजनांचा संगम आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनात सामावून घेणारी योजना १९८७ मध्ये सुरू केली. उन्हाळी सुटीत साधारण आठ ते दहा आठवडे विद्यार्थी विद्यावेतन घेऊन प्राध्यापकांबरोबर काम करतो. याच संस्थेने २०२० मध्ये बेकायदा पुरवठा साखळ्या मोडून काढण्याच्या संशोधनासाठी वेगळा कार्यक्रम आखला आणि अभियंते, संगणकतज्ज्ञ व समाजशास्त्रज्ञ यांनी एकत्र काम करावे, अशी अपेक्षा त्यात ठेवली. व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठात लुईस शेली यांनी उभारलेले केंद्र दहशतवाद, आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी आणि भ्रष्टाचार यांचा एकत्रित अभ्यास करते. या विषयाच्या अध्यापनात त्याचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते.

विविध शास्त्रे एकत्र आल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण हस्तिदंताचेच आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ सॅम्युएल वॉसर यांनी आफ्रिकेतील हत्तींच्या विष्ठेतून डीएनए मिळवून त्याचा नकाशा तयार केला. त्यामुळे जप्त झालेला सुळा कोणत्या प्रदेशातील हत्तीचा, हे सांगता येऊ लागले. पुढची गोष्ट अधिक रंजक आहे. तस्कर एकाच हत्तीचे दोन सुळे अनेकदा वेगवेगळ्या खेपांत पाठवीत. जोडीतील एक सुळा एका कंटेनरमध्ये आणि दुसरा दुसऱ्यात सापडला, की दोन्ही खेपांमागे एकच टोळी असल्याचा संशय बळावतो. त्याला बंदर आणि तारखा यांची जोड दिल्यावर मोम्बासा, एन्टेबे आणि लोमे या शहरांतून चालणाऱ्या तीन मोठ्या टोळ्यांचे चित्र २०१८ मध्ये जगापुढे आले. प्रयोगशाळेतील नळीला जहाजाच्या कागदपत्रांची साथ मिळाली, म्हणूनच हे घडले.

विद्यार्थ्याने यातून काय शिकायचे? एक सोपा सराव घेता येईल. एका देशाने केलेल्या निर्यातीची नोंद आणि दुसऱ्या देशाने दाखविलेली आयात शेजारी शेजारी मांडायची. दोहोंत तफावत निघतेच. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी लगेच सांगेल, की आयातीच्या किमतीत वाहतूक आणि विमा धरलेला असतो, तेव्हा थोडा फरक स्वाभाविक आहे. उरलेल्या फरकाचा सांख्यिकीच्या विद्यार्थ्याने शोध घ्यावा. कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र ‘तफावत म्हणजे गुन्हा नव्हे’ असे बजावावे. हा शेवटचा इशारा सर्वांत मोलाचा वाटतो. उत्साहाच्या भरात निरपराध व्यापाऱ्यावर शिक्का बसला, तर त्या संशोधनाची किंमत शून्य. ग्राहक असल्याचे सोंग घेऊन तस्करांशी संपर्क साधणे तर विद्यार्थ्यांसाठी सर्वस्वी वर्ज्यच असायला हवे.

आकड्यांकडे संशयाने पाहण्याची सवयही येथेच लागते. बनावट मालाचा जागतिक व्यापार २०२१ मध्ये ४६७ अब्ज डॉलर, म्हणजे जगाच्या आयातीच्या २.३ टक्के होता, असा ओईसीडी आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाचा अंदाज आहे. तो जप्तीच्या नोंदींवर बेतलेला आहे. जे पकडलेच गेले नाही, ते गणिताने अजमावलेले. औषधांच्या बाबतीत हा प्रश्न थेट जिवाशी येतो. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहापैकी एक औषध निकृष्ट वा बनावट असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये म्हटले होते.

आपल्याकडेही विषयांची वाण नाही. आंध्रच्या डोंगरांत वाढणारे रक्तचंदन दुसऱ्याच मालाच्या नावाखाली कंटेनरमध्ये भरलेले न्हावाशेवा बंदरात वारंवार पकडले गेले आहे. लाकूड ओळखायला वनस्पतिशास्त्र हवे, कागदपत्रांतील खोटेपणा हेरायला वाणिज्य आणि मजुराला जंगलात कोण धाडते हे समजायला समाजशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्सची सोय केली आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात त्या प्रबंधाला १२ श्रेयांक आहेत. मात्र वनस्पतिशास्त्र आणि वाणिज्य यांच्या दोन विद्यार्थ्यांनी मिळून एकच प्रबंध लिहिला, तर तो कोणत्या विभागाने तपासायचा, हे विद्यापीठांनी आधी ठरवायला हवे. कच्चा माल हाताशी आहेच. महसूल गुप्तचर संचालनालय देशातील तस्करीवर दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करते. त्यातील रक्तचंदनाच्या प्रकरणांपासून पहिला सराव सुरू करता येईल.